फास्ट ट्रॅक कार्ड: धंद्यासाठी सतत परदेशी जाणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाने नेमकं काय काढावं?

वर्कशॉपवाला

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत आमचा लहान कारखाना आहे. मशीन टूल्सचे सुटे भाग करतो, बराचसा माल बाहेर जातो. त्यामुळे जर्मनी, सिंगापूर, व्हिएतनाम ही ये-जा कायमची. यंदा एका अमेरिकन गिऱ्हाइकाशी बोलणी पक्की होत आली आहेत, म्हणजे तिकडच्या फेऱ्याही सुरू होतील.

पहाटे मुंबईला टर्मिनल २ वर आखातातली विमानं पाठोपाठ उतरली की इमिग्रेशनला काय गर्दी होते ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. सप्टेंबरात हॅनोव्हरच्या ईएमओ प्रदर्शनाहून परतताना मी त्या रांगेत उभा होतो आणि बाजूच्या गेटवर एक बाई पासपोर्ट ठेवून, कॅमेऱ्याकडे बघून निघूनही गेल्या. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे.

ही रांग टाळायच्या सोयींची तीन नावं कानावर आली आहेत. आपल्या सरकारची एफटीआय-टीटीपी योजना, अमेरिकेची ग्लोबल एन्ट्री आणि एपेकचं बिझनेस ट्रॅव्हल कार्ड. तिसऱ्याबद्दल जरा जास्त विचारायचं आहे. एका ट्रॅव्हल एजंटने मला सांगितलं, "साहेब, एपेक कार्ड काढून देतो, चीनपासून ऑस्ट्रेलियापर्यंत व्हिसाची कटकट संपली." त्यासाठी त्याने मागितलेली रक्कम लहान नाही आणि अर्धी आगाऊ हवी आहे.

तुमच्यापैकी कुणी यातलं काय वापरलं आहे? अनुभव असतील तर सविस्तर लिहा. माझ्यासारखे लहान कारखानदार इथे पुष्कळ आहेत, सगळ्यांनाच उपयोग होईल.

यारातीर

वर्कशॉपवाला, त्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. भारतात राहून भारतीय पासपोर्टवर एपेक कार्ड मिळत नाही. कारण अगदी सरळ आहे, भारत एपेकचा सदस्यच नाही.

मी मेलबर्नला असतो, ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलेलं आहे आणि हे कार्ड गेली काही वर्षं वापरतो आहे, म्हणून जरा खोलात लिहितो.

एपेक ही आशिया-पॅसिफिक भागातल्या २१ अर्थव्यवस्थांची संघटना. १९८९ मध्ये कॅनबेरात सुरू झाली. भारताने नव्वदच्या दशकात सदस्यत्वासाठी प्रयत्न केले, पण १९९७ मध्ये नवे सदस्य घेणं थांबवायचं ठरलं. आधीच ठरलेले पेरू, रशिया आणि व्हिएतनाम १९९८ मध्ये आत आले आणि दार बंद झालं. ती बंदी २०१० ला संपली, तरी आपला नंबर अजून लागलेला नाही.

कार्डाचा प्रयोग १९९७ मध्ये ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया आणि फिलिपाइन्स यांनी सुरू केला. आता १९ सदस्य त्यात पूर्णपणे सामील आहेत: ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, चीन, हाँगकाँग, तैवान, जपान, कोरिया, सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया, थायलंड, व्हिएतनाम, फिलिपाइन्स, ब्रुनेई, पापुआ न्यू गिनी, रशिया, मेक्सिको, पेरू आणि चिली. अमेरिका आणि कॅनडा अर्धेच आत आहेत. त्यांच्या नागरिकांना कार्ड मिळतं, पण त्यावर फक्त विमानतळावरची वेगळी लेन वापरता येते. व्हिसा लागत असेल तर तो त्यांना वेगळा काढावाच लागतो.

कार्डाची खरी किंमत लेनपेक्षा पूर्व-मंजुरीत आहे. मी अर्ज माझ्या देशात करतो. इथली तपासणी झाली की तोच अर्ज बाकीच्या सदस्यांकडे जातो आणि प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने मला तपासतो. ज्याने होकार दिला त्याचं नाव माझ्या कार्डावरच्या यादीत येतं, आणि त्या देशात धंद्याच्या कामासाठी जाताना मला वेगळा व्हिसा लागत नाही. राहण्याची मुदत देशागणिक बदलते, साधारण ६० ते ९० दिवस. कुणी लवकर होकार देतं, कुणी महिनोन्‌महिने लावतं. त्यामुळे नवं कार्ड हातात पडताक्षणी सगळे देश उघडे झाले असं होत नाही. २०२१ पासून कार्ड फोनच्या ॲपमध्येही मिळू लागलं. त्यात नवा होकार आला की यादी आपोआप बदलते, हे फार सोयीचं झालं.

चेक-इनला काय होतं तेही सांगतो. काउंटरवरची मुलगी पासपोर्टची पानं उलटते, चीनचा व्हिसा सापडत नाही, ती पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करते. मी ॲपमधली यादी दाखवतो, ती एकदा आपल्या पडद्यावर खात्री करते आणि बोर्डिंग पास छापते. उतरल्यावर एपेकची पाटी असलेली लेन शोधायची. बऱ्याच ठिकाणी ती लेन राजनैतिक अधिकाऱ्यांच्या किंवा विमान कर्मचाऱ्यांच्या लेनबरोबरच असते.

कार्डाची मुदत ५ वर्षं. ते पासपोर्टच्या नंबराशी बांधलेलं असतं, त्यामुळे पासपोर्ट बदलला की कार्डाची नोंदही बदलून घ्यावी लागते. त्यावर नोकरी करता येत नाही आणि बायकामुलांना त्याचा फायदा नाही. आणि महत्त्वाचं, बहुतेक ठिकाणी नुसता कायमचा रहिवासी (पीआर) असून चालत नाही. सिंगापूरमध्ये पीआर घेऊन राहणारे माझे दोन मराठी मित्र आहेत, दोघांचाही पासपोर्ट भारतीय. सिंगापूर हे कार्ड आपल्या नागरिकांना देतं, म्हणून त्यांना ते मिळत नाही.

तुमचा एजंट एकतर अज्ञानी आहे किंवा दुसरंच काही विकतो आहे. दोन्ही बाबतीत लांब राहिलेलं बरं.

द्राक्षबाग

यारातीर यांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. आमच्या पिंपळगाव बसवंत भागातही असे एजंट फिरतात, विशेषतः द्राक्षाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी. निर्यातदार तेव्हा घाईत असतो आणि रॉटरडॅमला जाऊन कंटेनर समोर उघडलेला बघायची इच्छा प्रत्येकालाच असते.

माझं म्हणणं एवढंच की युरोपात जाणाऱ्याला कार्डापेक्षा व्हिसाची पायरी कळली पाहिजे. १८ एप्रिल २०२४ ला युरोपियन कमिशनने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी शेंगेन व्हिसाचे (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचे) नियम सैल केले. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळवून ते नियमाप्रमाणे वापरले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, कितीही वेळा ये-जा करता येईल असा मिळू शकतो. तो नीट वापरला की त्यापुढचा साधारणपणे पाच वर्षांचा. फक्त पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक पाहिजे.

आमच्याकडे हे कित्येकांना माहीत नाही. दर वेळी नवा अर्ज, नवं बँक स्टेटमेंट, नवं निमंत्रणपत्र. अर्जासोबतच्या पत्रात जुन्या दोन व्हिशांचे नंबर आणि तारखा स्पष्ट लिहून दीर्घ मुदतीचा व्हिसा मागा. मागितल्याशिवाय मिळेलच असं धरून चालू नका.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे ईईएस नावाची नवी नोंदणीही टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, सगळ्या सीमांवर ती लागू करायला १० एप्रिल २०२६ ही मुदत ठरवली होती. युरोपबाहेरच्या प्रवाशाची आत येण्याची आणि बाहेर जाण्याची नोंद संगणकात होते, पासपोर्टवरचा शिक्का जातो. १८० दिवसांत ९० दिवस हा हिशेब आता यंत्र करणार, त्यामुळे "एखादा दिवस इकडे तिकडे" असं म्हणायला जागा उरत नाही. सुरुवातीला रांगा वाढतील हे धरून पुढचं विमान किंवा रेल्वे थोडी सैल ठेवा.

हडसनपार

मी न्यू जर्सीत आहे, पासपोर्ट अजून भारतीयच. ग्लोबल एन्ट्री एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असतानाच काढली होती, तेव्हा त्याबद्दल लिहिते.

ही अमेरिकेच्या कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शनची योजना. २००८ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. भारतीय नागरिकांना ती जुलै २०१७ पासून खुली झाली, आणि पहिले भारतीय सदस्य होते तेव्हाचे आपले राजदूत नवतेज सरना. मुदत ५ वर्षं. फी आधी १०० डॉलर होती, १ ऑक्टोबर २०२४ पासून १२० झाली. अर्ज नाकारला गेला तरी ती परत मिळत नाही. त्याच तारखेपासून १८ वर्षांखालच्या मुलांना आई किंवा वडील सदस्य असतील, किंवा बरोबरच अर्ज करत असतील, तर फी नाही.

वर्कशॉपवालादादा, तुमच्यासाठी पहिली गोष्ट ही की हा व्हिसा नव्हे. रेल्वेचा पास खिशात असला म्हणून बसायला जागा मिळतेच असं नाही, तसंच आहे हे. बी-१ (धंद्याच्या भेटीचा) व्हिसा तुम्हाला काढावाच लागेल, आणि तो हातात आल्यावरच या अर्जाला अर्थ आहे.

अर्ज ट्रस्टेड ट्रॅव्हलरच्या सरकारी संकेतस्थळावर होतो. भारतीय नागरिकांची पार्श्वभूमी आपल्याकडच्या यंत्रणाही तपासतात, त्यासाठी पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज आहे. बरेच जण अमेरिकेतली फी भरून वाट बघत बसतात आणि ही भारतातली पायरी त्यांना माहीतच नसते. तपासणी झाली की सशर्त मंजुरी येते आणि मग मुलाखत. मुलाखतीसाठी वेगळी तारीख मिळत नसेल तर अमेरिकेत उतरल्यावर त्याच वेळी देता येते, मी नेवार्कला तशीच दिली. काय काम करता, कुठे राहता, कोणकोणत्या देशांत जाऊन आलात, एवढंच विचारलं. बोटांचे ठसे, फोटो, झालं.

आता उतरल्यावर कसं असतं? यंत्रापुढे उभं राहायचं, ते फोटो काढतं, पडद्यावर पुढे जाण्याची सूचना येते. पुढे उभा असलेला अधिकारी बहुतेकदा नाव घेऊनच बोलावतो आणि एखादा प्रश्न विचारून सोडतो. पूर्वी कागद छापून मिळायचा, आता तोही नाही. शिवाय तुमचा सदस्यत्वाचा नंबर विमानाच्या तिकिटात घातला की अमेरिकेतल्या देशांतर्गत प्रवासात टीएसए प्रीचेकची सुरक्षा रांग मिळते. बूट, पट्टा काढायचे नाहीत, लॅपटॉप बाहेर काढायचा नाही. ज्यांना एका फेरीत तीन शहरं करायची असतात त्यांना हाच भाग जास्त उपयोगी पडतो.

मोबाइल पासपोर्ट कंट्रोल नावाचं फुकट ॲपही आहे. पण ते अमेरिकी नागरिक, ग्रीनकार्डधारक, कॅनडाचे पाहुणे आणि व्हिसामाफी असलेल्या देशांतले पुन्हा येणारे प्रवासी यांच्यासाठी. बी-१ वरच्या भारतीयाला ते चालत नाही, म्हणून आपल्याला ग्लोबल एन्ट्रीच.

आणि आता कळकळीने सांगते. खाण्याच्या वस्तू लपवू नका. ग्लोबल एन्ट्रीवाल्याने कस्टम्सचा नियम मोडला तर दंड होतोच, वर सदस्यत्व जाऊ शकतं. कढीपत्ता ताजा असो वा वाळवलेला, आणू नका. त्यावरून लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरण्याची भीती असते, म्हणून तो सरळ बंद आहे. हापूसचंही तसंच. भारतीय आंबा अमेरिकेत २००७ पासून येतो, पण तो वाशी किंवा लासलगावसारख्या केंद्रात विकिरण करून, कागदपत्रांसह. आईने बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून दिलेले आंबे त्यात बसत नाहीत. लाडू, चिवडा, मेतकूट, गोडा मसाला हे सहसा अडत नाही, पण "खाद्यपदार्थ आहेत" असं विचारण्याआधी सांगून टाका. सांगितलेल्या वस्तूचं फार तर काय होईल, काढून घेतील. न सांगितलेली सापडली तर सगळं कार्डच हातातून जातं.

फौंड्रीमन

कोल्हापूरहून राम राम. मीही कास्टिंगच्या धंद्यापायी वर्षातून बऱ्याच वेळा बाहेर असतो, पण मला हे सगळं पटत नाही, आणि ते मी स्पष्ट मांडणार आहे.

रांग लांब का असते? काउंटर आहेत पण माणसं बसवलेली नसतात म्हणून. त्याच रांगेत आखातातून दोन वर्षांनी घरी येणारा वायरमन असतो, लेकीच्या बाळंतपणाहून परतणाऱ्या, गुडघे धरून उभ्या असलेल्या मावशी असतात. त्यांना कुणी कार्ड देत नाही. आम्ही पुढे सटकलो की आमची ओरड थांबते, आणि ओरडणारे आम्हीच असतो. मग सुधारणा कुणासाठी होणार?

दुसरं, बोटांचे ठसे आणि चेहरा. एकेका देशाला, एकेका ॲपला देत सुटायचं. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा कसा बदलणार? २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आपल्याकडे आहे, पण सरकारी यंत्रणांना त्यात भरपूर सवलती ठेवल्या आहेत.

यारातीर

फौंड्रीमन, ठशांबद्दलचा मुद्दा मला मान्य आहे. माझी बोटं किती देशांकडे आहेत हे मलाही आता सांगता येणार नाही. पण अमेरिका किंवा शेंगेनचा व्हिसा काढला तेव्हाच ती देऊन झाली. कार्ड न काढल्याने ती परत येत नाहीत.

वर्कशॉपवाला

फौंड्रीमन, तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं. माझे वडील थकलेले असताना एकदा अशाच रांगेत होते, तेव्हा मलाही असंच वाटलं होतं. पण वायरमनला किंवा मावशींना कार्ड मिळत नाही हे एफटीआय-टीटीपीबद्दल खरं नाही, असं वाचनात आलं आहे. कुणी नीट सांगेल का?

जमाखर्च

मी सांगतो. ठाण्याला सीए आहे, अशिलांसाठी आणि घरच्यांसाठी हे अर्ज भरून दिले आहेत.

एफटीआय-टीटीपी म्हणजे फास्ट ट्रॅक इमिग्रेशन, ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम. २२ जून २०२४ ला दिल्लीच्या टी-३ वर सुरू झाला. १६ जानेवारी २०२५ ला मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद ही सात विमानतळं जोडली गेली. ११ सप्टेंबर २०२५ ला लखनऊ, तिरुवनंतपुरम, तिरुचिरापल्ली, कोळिकोड आणि अमृतसर. तेव्हा एकूण १३ झाली, उद्दिष्ट २१ चं आहे. या १३ मध्ये पुणे, नागपूर, गोवा नाहीत. म्हणजे पुण्याहून दुबई किंवा सिंगापूरचं विमान धरलं तर उपयोग नाही, मुंबईहून गेलात तर आहे.

फौंड्रीमन, योजना भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे लोक) यांच्यासाठी आहे. धंदेवाईकच पाहिजे, अमुक उत्पन्न पाहिजे, अशी अट नाही. फी नाही. वायरमनला मिळतं, मावशींना मिळतं. अर्ज ऑनलाइन आणि इंग्रजीत आहे ही मात्र खरी अडचण, आणि ती आपण घरातल्यांनी दूर करायची. केरळातली तीन विमानतळं या यादीत आहेत, त्याचा फायदा आखातातल्या कामगारांनाच सगळ्यात जास्त होऊ शकतो.

अर्जाला पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो. पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक पाहिजे. पत्ता पासपोर्टवरच्याशी जुळत नसेल तर तिथेच घोळ होतो, माझ्याकडे आलेली बहुतेक अडलेली प्रकरणं याचीच होती. छाननी झाली की संदेश येतो, मग बायोमेट्रिकसाठी विमानतळावर किंवा एफआरआरओ (परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या) कार्यालयात जायचं. मुंबईकरांना सोपं म्हणजे पुढच्या प्रवासाच्या वेळी थोडं लवकर पोचून विमानतळावरच देणं.

हातात कार्ड वगैरे काही मिळत नाही, नोंदणी तुमच्या पासपोर्टवर असते. पहिल्या गेटवर पासपोर्ट आणि बोर्डिंग पास स्कॅन करायचा, दुसऱ्या गेटवर चेहरा जुळतो आणि गेट उघडतं. मुदत ५ वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी असेल ते.

डिजियात्राशी गल्लत करू नका. डिजियात्रा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली वेगळी सोय आहे, ती देशांतर्गत विमानांसाठी, विमानतळात शिरायला आणि सुरक्षा तपासणीला. इमिग्रेशनशी तिचा संबंध नाही.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. शिक्के हळूहळू नाहीसे होत आहेत. युरोपचं द्राक्षबाग यांनी लिहिलंच, सिंगापूरनेही शिक्का बंद करून ईमेलवर पास पाठवायला सुरुवात केली त्याला काही वर्षं झाली. पण आयकरात कोण रहिवासी आणि कोण अनिवासी हे भारतातल्या दिवसांवर ठरतं. १८२ दिवसांची अट सगळ्यांना माहीत असते. पण भारतात १५ लाखांपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या, भेटीला येणाऱ्या भारतीयासाठी १२० दिवसांचाही एक नियम आहे, तो कित्येकांना नोटीस आल्यावर कळतो. म्हणून प्रत्येक बोर्डिंग पासचा फोटो काढून एका फोल्डरमध्ये ठेवा आणि वहीत किंवा एक्सेलमध्ये जाण्या-येण्याच्या तारखा लिहा. कंपनीच्या खर्चाने जाणाऱ्यांनी तर नक्कीच, प्रवासखर्चाचा पुरावा म्हणूनही तेच लागतं.

फौंड्रीमन

जमाखर्च, धन्यवाद. सगळ्यांना फुकट खुलं असेल तर माझा अर्धा आक्षेप मागे घेतो. फॉर्म मराठीत हवा, हे मात्र मी गृहखात्याला लिहून कळवणार आहे. काउंटरवरच्या माणसांबद्दलचं म्हणणं कायम.

बेलापूरकर

थोडं अवांतर, पण वर्कशॉपवाला यांच्यासारख्यांसाठी फार महत्त्वाचं. मी कस्टम्स क्लिअरिंगच्या कामात आयुष्य घालवलं आहे.

तुम्ही सगळे इमिग्रेशनची रांग कशी टळेल ते बोलताय. प्रदर्शनाला जाणारा कारखानदार खरा अडकतो तो त्यापुढे, कस्टम्सला. बॅगेत पितळी आणि स्टीलचे नमुने, मोजमापाची उपकरणं, कधी डेमोचं छोटं यंत्र. जाताना कुणी विचारत नाही. परत येताना रेड चॅनलला (माल तपासायच्या वाटेला) बोलावतात आणि विचारतात, हे तुम्ही तिकडे विकत घेतलं नाही कशावरून? तिथे तुमचं कुठलंही फास्ट ट्रॅक चालत नाही.

त्यासाठी एटीए कार्ने काढा. माल तात्पुरता परदेशी नेऊन परत आणायचा असेल तर त्याचं हे आंतरराष्ट्रीय कागदपत्र, त्यावर त्या देशात ड्युटी किंवा अनामत भरावी लागत नाही. आपल्याकडे ते फिक्की ही उद्योगांची संघटना देते. मुदत एक वर्ष, आणि त्या मुदतीत एकाच कार्नेवर वेगवेगळ्या देशांत जाता येतं. जर्मनी, सिंगापूर, अमेरिका तिन्ही ते मानतात. व्हिएतनामसाठी जाण्याआधी फिक्कीकडे विचारून घ्या.

काम करण्याची पद्धत कडक आहे. यादीत प्रत्येक नग, त्याचं वजन, किंमत, अनुक्रमांक असेल तर तोही. भारतातून निघताना कस्टम्सचा शिक्का, तिथे उतरताना शिक्का, तिथून निघताना शिक्का, मुंबईत परतल्यावर शिक्का. यातला एक जरी राहिला तर पुढे दाव्याचं पत्र येतं आणि ते निस्तरायला वर्ष जातं. आणि कार्नेवर नेलेला नमुना प्रदर्शनात गिऱ्हाइकाला आवडला म्हणून देऊन टाकायचा नाही. माझ्याकडे आलेल्या भानगडींत ही सगळ्यात नेहमीची. गिऱ्हाइकाला द्यायचे नमुने वेगळ्या इनव्हॉइसवर, कुरिअरने आधी पाठवा.

शिक्का घ्यायला वेळ लागतो म्हणून विमानतळावर लवकर जा. इमिग्रेशनला वाचलेला वेळ इथे वापरा.

वर्कशॉपवाला

बेलापूरकरकाका, हे तर मला कुणीच सांगितलं नव्हतं. ईएमओला गेजेस आणि नमुने आम्ही हातातल्या बॅगेतूनच नेले होते. पुढच्या वेळेआधी फिक्कीशी बोलतो.

एजंटला काल फोन करून नाही म्हणालो. तो म्हणाला, "साहेब, ओळखीने होतं." यारातीर यांचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला, मग त्याने विषय बदलला.

सिंगापूर आणि व्हिएतनामला त्या कार्डाशिवाय काही सोय आहे का?

यारातीर

सिंगापूरला वेगळं काही काढायची गरजच उरलेली नाही. व्हिसा भारतीयांना लागतोच, पण तो असला आणि पोचण्याआधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरलं की परदेशी पाहुण्यांनाही स्वयंचलित लेन वापरता येतात. ते अरायव्हल कार्ड फुकट आहे. त्याचे पैसे घेणाऱ्या बनावट साइट शोधात वर दिसतात, तेव्हा पत्ता नीट बघा. सरकारी साइटलाच जा.

व्हिएतनामचा ई-व्हिसा १५ ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांचा आणि अनेक वेळा ये-जा करता येईल असा मिळतो. कारखाना बघायला, माल तपासायला दोन-तीन फेऱ्या जवळजवळ असतील तर एकाच व्हिशात बसवा. अर्जात ज्या विमानतळावरून शिरणार ते लिहावं लागतं, हो ची मिन्ह सिटी लिहून हनोईला उतरू नका.

मलेशियाला २०२४ पासून आणि थायलंडला १ मे २०२५ पासून असंच डिजिटल अरायव्हल कार्ड आहे.

सुमेधा_नगर

मी धंद्यात नाही, पण एक विचारू का? लेक आणि जावई लंडनला असतात, नातू ओसीआय आहे. दरवर्षी मुंबईला येतात. जावयांनी एफटीआय-टीटीपी काढलं तर सगळ्यांना त्याच गेटने येता येईल का?

जमाखर्च

नाही ताई. नोंदणी प्रत्येकाची वेगळी असते, गेट चेहरा बघून उघडतं. लेक-जावयांचे पासपोर्ट भारतीय असतील तर ते अर्ज करू शकतात, नातवासाठी ओसीआयवर वेगळा अर्ज. लहान मुलांच्या वयाची अट अर्ज भरण्याआधी संकेतस्थळावर बघून घ्या. मूल लहान असेल तर मोठ्यांनी त्याच्याबरोबर नेहमीच्या काउंटरला उभं राहणंच बरं, एक आत आणि एक बाहेर असं व्हायला नको.

सुमेधा_नगर

धन्यवाद दादा. लेकीला कळवते.

वर्कशॉपवाला

मंडळी, आज रात्री एफटीआय-टीटीपीचा अर्ज भरायला बसतोय. मग बी-१ आणि त्यानंतर ग्लोबल एन्ट्री. शेंगेनचे दोन व्हिसे माझ्या पासपोर्टवर आहेत, पुढच्या अर्जात दोन वर्षांचा मागणार. पासपोर्ट मात्र पुढच्या वर्षी संपतोय आणि पानंही थोडीच कोरी राहिली आहेत.

हडसनपार

दादा, थांबा! मग आधी पासपोर्टच नवा करा. एफटीआय-टीटीपी, ग्लोबल एन्ट्री, शेंगेनचा दीर्घ व्हिसा, सगळंच पासपोर्टवर अवलंबून आहे. जुन्यावर आज एफटीआय-टीटीपी काढलं तर पुढच्या वर्षी ते पासपोर्टबरोबर संपेल, आणि मुदत थोडी उरलेल्या पासपोर्टवर युरोपवाले दोन वर्षांचा व्हिसा देणार नाहीत. ग्लोबल एन्ट्रीतही नव्या पासपोर्टचा नंबर नोंदवावा लागतो.

द्राक्षबाग

+१. आणि अर्ज करताना ३६ ऐवजी ६० पानांची पुस्तिका मागा. फी १५०० ऐवजी २००० रुपये. जुना पासपोर्ट रद्द करून परत देतात, तो नव्याबरोबर जपून ठेवा. शेंगेनच्या अर्जाला त्यातल्याच दोन व्हिशांचा पुरावा लागणार आहे.

वर्कशॉपवाला

बरोबर आहे. उद्या पासपोर्ट सेवा केंद्राची तारीख घेतो, बाकीचे अर्ज नवा पासपोर्ट आल्यावर. तोपर्यंत पत्त्याचे पुरावे सगळे एकसारखे करून ठेवतो.